चुडा न भरणारा कासार

गिऱ्हाईक समोर बसलंय, हात पुढं केलाय, आणि विकणारा म्हणतोय, "ऊठ, तुला बांगडी न्हाय." असा विकणारा मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. मल्हारतात्या कासार. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या निम्म्या बायकांच्या हातांत त्यांनी भरलेल्या बांगड्या होत्या, आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांनी कधी ना कधी हाकलून दिलं होतं.

तात्या वडगाव निंबाळकरचे. बाजारादिवशी बारामतीला पाल ठोकून बसत, बाकीचे दिवस खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून गावं हिंडत. अंगानं काटकुळे, पण आवाज तीन गल्ल्यांना पुरेल असा. बाई समोर बसली की ते आधी तिचा हात उलटा करत, मग सुलटा, मग बोटं फाकवून बेचक्यांत बघत, मग मनगट, मग थेट कोपरापर्यंत. परक्या पुरुषानं बाईचा हात धरायचा तो फक्त कासारानं, आणि त्यानंही बांगडी चढेपर्यंतच, अशी आमच्याकडची रीत. तात्या बांगड्या बाजूला ठेवून हातच न्याहाळत बसायचे. एखादी धीट बाई विचारायची, "तात्या, भविष्य बघताय का?"

"बघतोय. खरूज हाय तुझ्या नशिबात."

मी मूळची बारामतीची, सातवी पास. म्हणजे सांगवीला सासरी आले तेव्हा घरात आलेली पत्रं वाचायची आणि गप्प बसायचं, एवढी दोन कामं माझ्याकडं आपोआप आली. पहिलं मला जमत होतं. दुसरंही पुढं चांगलंच जमलं, ते ओघानं येईलच. घरात सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, सासरे आबा, माझे यजमान आणि धाकटी नणंद शेवंता. कालव्याच्या पाण्यावर वांगी, मिरच्या, पेरू. खायला-प्यायला ददात नव्हती, फक्त घरात कुणाचं काही चुकतं असं कुणी म्हटलेलं चालत नसे.

लग्नाला दोन महिने झाले असतील. तात्या दारात आले. आत्याबाईंनी मला पुढं केलं. तात्यांनी माझी बोटं फाकवली आणि विचारलं, "खाजतंय का?"

मी मान खाली घालून हो म्हटलं.

"अंथरुणाला पाठ टेकल्यावर जास्ती?"

"हो."

"झ्याक," तात्या खरोखर खूश झाले. "खाजतंय ना? मग भ्यायचं न्हाय. कातडं जित्तं हाय तुझं." आणि मग आवाज चढवून, "वैनी, तुमच्या घरात खरूज शिरलीय. एकट्या सुनेला न्हाय, समद्यांना."

आत्याबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. गल्लीतल्या चार बायका आधीच ओट्याला चिकटल्या होत्या. "आमच्या घरात? काय तरीच. हिनं माहेरनं आणली असंल."

"कुणी आणली त्याचा पंचनामा मागनं करा. गंधकाचं मलम आणा. मानंपास्नं तळपायापत्तुर, घरातल्या झाडून समद्यांनी, एकाच दिशी. असं वळीनं तीन दिस. कापडं उकळा, वाकळा उनात टाका. एक जरी माणूस सुटला तरी म्हैन्यात पुन्यांदा हाय तेच."

एक माणूस सुटला. आबा. गडीमाणसाला खरूज होत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते मत मांडताना ते दोन्ही हातांनी पोट खाजवत होते. महिन्याभरात घरभर पुन्हा हाय तेच. तात्या आले, त्यांनी आमचे हात बघितले, ओसरीवर बसलेल्या आबांकडं बघितलं आणि म्हणाले, "ह्या एका पोटासाठी सात वाकळा पुन्यांदा उकळा आता." आबांनी त्या दिवसापासून तात्यांशी बोलणं टाकलं. मलम मात्र लावलं, गोठ्यात जाऊन.

असा हा माणूस. त्यांना लोक का टाळत ते कळायला फार अक्कल लागत नव्हती. एका बाईच्या मनगटावर नायटा होता, कडेनं लाल आणि मधे बरा झाल्यासारखा दिसणारा. तिनं कुणाचं तरी ऐकून त्यावर बिब्बा लावला आणि हात कोपरापर्यंत सुजवून घेतला. तात्या तिला भर बाजारात म्हणाले, "बिब्ब्यानं नायटा जळत न्हाय, बाई जळती. मधनं बरा दिसतोय तो चकवा हाय त्येचा. कडंला मलम लाव, आन् बरा झाला वाटलं तरी फुडं पंधरा दिस लावत ऱ्हा." सांगितलं ते लाखाचं, पण सांगितलं असं की ती बाई पुन्हा त्यांच्या पालाकडं फिरकली नाही. उसाला पाणी पाजून आलेले गडी रस्त्यात दिसले की तात्यांची नजर त्यांच्या पायांवर. "चिखल्या झाल्यात. बेचक्या कोरड्या करीत जा, नुसतं त्याल काय चोपडतोस." गडी म्हणायचे, कासारानं बायकांच्या हातांपुरतं बघावं, आमच्या पायांत कशाला.

मला त्यांची एक गोष्ट मात्र आवडायची. जिथं कळत नाही तिथं ते थांबायचे. एरवी सगळ्या गावाची अक्कल काढणारा माणूस एकदम मान खाली घालायचा आणि म्हणायचा, "हितनं म्होरं मला कळत न्हाय. मी कासार हाय. गाडी जुपा." गळवापासून लाल रेघ वर चढलीय आणि अंगात ताप आहे, तान्ह्या लेकराच्या अंगावर पाण्याचे फोड आलेत, असं काही दिसलं की गाडी जुपा. मग ते बांगड्यांच्या माळा तिथंच कुणाच्या तरी ओट्यावर टाकून स्वतः गाडीत चढून बसायचे, म्हणजे घरच्यांनी वाटेतून परत फिरू नये.

सणसरकडच्या एका सुनेच्या कपाळावर नागीण उठली होती. घरच्यांनी गेरूनं तिच्या तोंडावर रेघा ओढल्या होत्या आणि नागिणीचं तोंड शेपटाला मिळतं की काय, याची वाट बघत बसले होते. तात्या म्हणाले, "तिला तोंड न्हाय आन् शेपूट न्हाय. एकाच अंगाला उठती ती, दुसऱ्या अंगाला जात न्हाय. पर डोळ्याकडं चाललीय, ते मातुर वंगाळ." आणि तिला गाडीत घालून बारामतीच्या दवाखान्यात नेलं. डोळा वाचला. घरच्यांनी आभार कसे मानले? आमच्या सुनेला परक्या पुरुषानं तालुक्याला नेलं म्हणून त्या घरानं तात्यांकडून बांगड्या भरणं कायमचं बंद केलं. हे मला तात्यांनीच सांगितलं, आणि सांगताना ते हसले. मला हसू आलं नाही.

बाजारात त्यांच्या शेजारीच दुसरा एक कासार बसायचा. गोरागोमटा, तोंडात साखर. खरजेचा हात असो की नायट्याचा, "या अक्कासाहेब" म्हणत दोन मिनिटांत डझनभर चढवून मोकळा. त्याच्या पालापुढं बायकांची गर्दी, आणि तात्या आपल्या पालात एकटे माळा पुसत बसलेले. त्यांची बायको फार वर्षांपूर्वी वारली, असं सगळे सांगत. भाकरी स्वतःच थापायचे. त्यापलीकडं कुणी चौकशी केली नाही आणि त्यांनीही कुणाला करू दिली नाही.

आता शेवंताचं सांगायला हवं.

शेवंताच्या डाव्या हातावर, मनगटाच्या थोडं वर, रुपयाएवढा एक फिकट चट्टा होता. कोरडा, लव झडलेला. लग्नाचं वय झालं तसं आत्याबाईंचं लक्ष त्याकडं गेलं आणि त्यांना एकच शंका आली. कोड. आमच्याकडं मुलीच्या आईला वाघाची भीती वाटणार नाही एवढी कोडाची वाटते. कोडानं ना ताप येतो, ना ते एकाचं दुसऱ्याला होतं, ना त्यानं बोट वाकडं होतं. पण लग्न मोडतं, आणि लग्न मोडण्याइतका मोठा रोग आमच्यात दुसरा नाही. आत्याबाईंनी गावातल्या एका म्हाताऱ्या जाणतीला चट्टा दाखवला. तिनं थुंकी लावून चोळला आणि निकाल दिला, "कोड न्हाय. कोड दुधावानी पांढरं असतं. खाजतंय का गं? न्हाय ना? दुखतंय? न्हाय ना? मग कायबी न्हाय."

आत्याबाईंनी त्या दिवशी देवाला नारळ फोडला. खाजत नाही आणि दुखत नाही म्हणून. मीही प्रसादाचं खोबरं खाल्लं.

तरी चट्टा तो चट्टा. डाळजहून पाहुणे बघायला येणार, हात बघणार. मग आत्याबाईंना युक्ती सुचली. गोंदणारीण बोलावली आणि चट्ट्यावर बरोबर बसेल असं तुळशीवृंदावन शेवंताच्या हातावर गोंदवून घेतलं. गोंदणं म्हणजे काय ते ज्यांनी सोसलंय त्यांना विचारा. सुयांचा जुडगा घेऊन ती बाई टोचत सुटते, चांगल्या दांडग्या पोरींना चौघींनी धरून ठेवावं लागतं. शेवंतानं एका हातावर वृंदावन गोंदवून घेतलं आणि दुसऱ्या हातानं भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. काठाकाठाला जरा "आई गं" केलं, मधे काहीच नाही. गोंदणारीण म्हणाली, "लई निबर पोर हाय तुमची." आत्याबाईंनी ही गोष्ट गावभर सांगितली. पाहुण्यांनाही सांगितली. पाहुण्यांना सून निबर असलेली आवडतेच, सोयरीक जुळली.

लग्नाच्या आदल्या दिवशी चुडा भरायचा होता. आबांचा विरोध होता, पण आत्याबाई म्हणाल्या, तोंडानं वंगाळ असला तरी हाताचा हलका आहे, एकही बांगडी वाढवत नाही. बांगडी फुटते असं म्हणायचं नसतं, वाढते म्हणायचं, आणि चुडा भरताना ती वाढणं बरं नव्हे. म्हणून मल्हारतात्या. ओसरी बायकांनी भरली होती. तात्यांनी शेवंताचा उजवा हात भरला. हिरव्यागार बांगड्या, मनगटापासून वर. डावा हात हातात घेतला तेव्हा आत्याबाईंनी पुन्हा ती शेंगांची गोष्ट काढली. "हूं न्हाय का चूं न्हाय केलं माझ्या पोरीनं."

तात्यांचा हात थांबला. मी समोरच बसले होते म्हणून मला दिसलं. त्यांनी झोळीतून एक काचेचा तुकडा काढला, आणि शेवंता मैत्रिणीकडं वळून हसत होती तेवढ्यात त्याची कड वृंदावनाच्या मधोमध हलकेच ओढली. रक्ताचा बारीक थेंब आला. शेवंता हसतच होती. तिनं वळून बघितलंसुद्धा नाही.

तात्यांनी तो थेंब धोतराच्या सोग्यानं टिपला. शेवंताचा पदर ओढून तिच्या हातावर घातला. मग समोर मांडलेल्या सगळ्या हिरव्या बांगड्या गोळा करून परत माळेत घालायला लागले.

"तात्या, काय झालं?" आत्याबाई.

"काच कच्ची निगाली. माझा मालच खोटा हाय, वैनी. ह्यो चुडा भरायचा न्हाय."

उभ्या आयुष्यात ज्यानं कुणाचं झाकलं नाही, खरजेचा ज्यानं गल्लीभर डांगोरा पिटला, तो माणूस त्या दिवशी खोटं बोलला. तेही स्वतःच्या मालाबद्दल, पन्नास बायकांच्या देखत. कासारानं आपली काच खोटी म्हणायची म्हणजे आपल्याच पोटावर पाय द्यायचा. नवरीचा चुडा अर्धा टाकून कासार उठला, याहून मोठा अपशकुन कुठला? आत्याबाईंनी त्यांना काय काय म्हटलं ते मी लिहीत नाही. आबांनी माळा उचलून अंगणात फेकल्या. तात्या काचा वेचत बसले.

मी त्यांना पाणी द्यायला बाहेर गेले. ते मान वर न करता हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, तू शिकलेली हायस. नीट ऐक. त्या डागात जाणीव न्हाय. बधिर हाय. ह्यो कोड न्हाय, ह्यो महारोग हाय. आत्ताशी सुरवात हाय, रुपयाएवढा हाय. बारामतीच्या दवाखान्यात ह्याच्यावर गोळ्या निगाल्यात. लई दिस घ्याव्या लागत्यात, पर हात वाचतो. लगीन म्होरं ढकला. काय बी कारण सांगा, पर पोरीला आदी दवाखान्यात न्या."

"तुम्हीच सांगा ना आबांना."

"मी सांगितलं तर गावभर हुईल. पोरीचा जल्म जाईल. घरातल्यानं घरात सांगावं."

मी घरात सांगितलं. खरं सांगायचं तर सांगितल्यासारखं केलं. चुलीपाशी आत्याबाई एकट्या असताना मी म्हटलं, "वन्सांच्या हातावरचा तो डाग एकदा डॉक्टरला दाखवायचा का?" आत्याबाई म्हणाल्या, "मांडव दारात हाय आन् तुला डाग सुचतोय? पुन्यांदा तोंडातनं काढू नगंस." मी पुन्हा काढला नाही. महारोग हा शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला नाही. नवऱ्यालासुद्धा मी सांगितलं नाही. मी भ्याले. लग्न मोडलं तर ते माझ्यामुळं मोडलं, असं या घरात मला मरेपर्यंत ऐकावं लागेल, एवढाच हिशोब मी केला. दुसरा कासार आला, त्यानं "या अक्कासाहेब" करत डावा हात भरला आणि लग्न थाटात झालं.

तात्यांना सांगवी बंद झाली. खोट्या काचेची गोष्ट बाजारात पोचली, तसं त्यांचं उरलंसुरलं गिऱ्हाईकही शेजारच्या पालात गेलं.

पहिल्या दिवाळीला शेवंता आली. बोटांच्या टोकांना भाजल्याचे फोड. म्हणाली, "वैनी, मला कळतच न्हाई भाजल्यालं." डाळजच्या तिच्या सासूनं चिठ्ठीतून निरोप धाडला होता, पोरगी कामाला वाघ आहे, तापला तवा हातानं उचलते. आत्याबाईंनी तो निरोप चार घरी वाचून दाखवायला लावला. वाचला मीच. दुसऱ्या वर्षी तिची करंगळी वाकली. तिसऱ्या वर्षी डाळजवाल्यांनी तिला एका बैलगाडीतून आणून वेशीवर उतरवलं आणि गाडी तशीच वळवून नेली. तेव्हा घरात तो शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला, आणि तो आबांनी उच्चारला. शेवंताचं बिऱ्हाड मळ्यातल्या खोपटात गेलं. जेवण मी न्यायची. आत्याबाई बांधापर्यंत यायच्या, रडायच्या, परत जायच्या.

बाजारादिवशी मी बारामतीला जाऊन तात्यांचं पाल शोधलं. त्यांच्यापुढं एकही बाई नव्हती. मी काय झालं ते सांगितलं. वाटलं, आता ते माझी सालटी काढतील. मला ते हवंही होतं. त्यांनी फक्त विचारलं, "भुवया हायत का जाग्यावर? किती बोटं वाकलीत?"

"भुवया झडलेल्या नाहीत. बोटं दोन. करंगळी आणि तिच्या शेजारचं."

"उद्या आणतीस का?"

दुसऱ्या दिवशी मी शेवंताला घेऊन एस.टी.नं गेले. हात पदराखाली. तात्या दवाखान्याच्या फाटकापाशी सकाळपासून उभे होते. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितलं. कापसाच्या वातीनं हातावर इथं तिथं शिवले, टाचणी टोचली, एका नळीत गरम पाणी आणि एकीत गार, ते लावून विचारलं. शेवंता डोळे मिटून वाट बघत बसलेली, अजून सुरू झालं नाही असं समजून. मग त्यांनी कोपराच्या मागची शीर दाबून बघितली आणि मान हलवली. म्हणाले, रोग गोळ्यांनी थांबेल. काही वर्षं न चुकता घ्यायच्या. घरात राहायला हरकत नाही, तसं कुणाला शिवल्यानं होत नाही. पण गेलेली जाणीव येणार नाही आणि वाकलेली बोटं सरळ होणार नाहीत. "लग्नाआधी आणली असती तर हात शाबूत राहिला असता. कुणाच्याच लक्षात आलं नाही का?"

मी शेवंताचा पदर पुन्हा तिच्या हातावर ओढला.

"माज्याच ध्येनात उशिरा आलं, साह्येब," तात्या म्हणाले. "हात मीच भरले हुते."

बाहेर आल्यावर ते शेवंताला कडुलिंबाखाली बसवून शिकवायला लागले. तवा फडक्याशिवाय धरायचा नाही. रोज उजेड आहे तोवर दोन्ही हात आणि तळपाय डोळ्यांनी बघायचे, कारण आता दुखून कळणार नाही. पाण्यात भिजवायचे, वरून तेल, आणि वाकलेली बोटं दुसऱ्या हातानं रोज सरळ करत राहायची. हे सगळं ते तिची करंगळी स्वतःच्या बोटांत धरून, हळूहळू सरळ करत सांगत होते. येणारेजाणारे लांबून वळसा घालून जात होते. खोपटात गेल्यापासून तिचा हात असा कुणी धरला नव्हता. ती ऐकत होती की नाही कोण जाणे, ती नुसती आपल्या हाताकडं बघत होती.

गाडीला अवकाश होता. शेवंता सावलीला पडली. तात्या मला जरा लांब घेऊन गेले आणि बंडीच्या खिशातून एक कोरं कार्ड काढलं. "लिवून देशील का? गावातल्या मास्तरकडनं लिवून घेता येत न्हाय."

"कुणाला?"

"माज्या मालकिणीला."

"तुमची मालकीण तर..."

"म्येली म्हणून मीच सांगितलं समद्यांना. न्हाय म्येली. तिकडं एका आश्रमात हाय, महारोग्यांच्या." मग खाली बघत, एकेक शब्द करत बोलले. "आमच्या घरातल्या बायकांच्या बांगड्या माजी आय भरायची. थोरल्या माणसांच्या देखत बायकूचा हात कोन धरतंय? दोन तालुक्यांतल्या बायकांचे हात मी धरले, सूनबाई. हिचा हात उजेडात कधी बघितलाच न्हाय. लाज वाटायची. बघितला तवा चार बोटं गेल्याली हुती. तवा गोळ्याबी नव्हत्या. ती आपणहून चालत गेली, तुमच्या धंद्यावर माजी सावली नगं म्हणली."

मी फाटकाशेजारच्या कट्ट्यावर कार्ड ठेवलं आणि ते सांगतील ते लिहायला लागले. ते बायकोला काय सांगणार, मला कल्पना नव्हती. त्यांनी सांगितलं, तळपाय रोज बघतीस का. भांडं उचलताना फडकं घेतीस का. थंडीत तेल कमी करू नकोस. चप्पल झिजली असेल तर कुणाकडून तरी वाद्या बघून घे, खिळा वर आलेला तुला कळायचा नाही. ओळीमागून ओळ हेच. बरी आहेस का, आठवण येते का, यातलं काहीच नाही. लिहिता लिहिता माझे डोळे भरून आले आणि अक्षर वाकडं जायला लागलं.

"आणि काय लिहू?"

त्यांनी कार्डावर उरलेली जागा बघितली. "लिव, आज एक पोर दवाखान्यात आणली. तुज्यापरीस बरी हाय. पर हिलाबी उशीरच झाला."

माझा हात थांबला. "हे कशाला?"

"तिला मी समदं खरंच सांगतो."

तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तात्या, उशीर माझ्यामुळं झाला. तुम्ही सांगितलं होतं ते मी घरात बोललेच नाही. डागाचं बोलले, रोगाचं नाव घेतलं नाही. मी भ्याले." एवढी वर्षं कुणाला न सांगितलेलं मी त्या फाटकापाशी एका दमात सांगून टाकलं.

तात्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. ते झाडाखाली निजलेल्या शेवंताकडं बघत होते.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "ते लिवू नगंस."

मी तेव्हा लिहिलं नाही.